'हो' म्हणाला, म्हणजे काय म्हणाला?

या वेळी चार पत्रं घेतली आहेत. चारही पत्रांत प्रश्न एकाच ठिकाणी येऊन थांबतो: घरातल्या दिव्यांग माणसाच्या आयुष्यातलं कोणी ठरवायचं, आणि त्याला ठरवायला मदत करायची तर ती कशी. ओळख पटू नये म्हणून पत्रांतले तपशील थोडे बदलले आहेत. नव्या वाचकांसाठी माझ्याबद्दल दोन शब्द. मी २९ वर्षं विशेष मुलांच्या शाळेत आणि पुढे तिच्याच कार्यशाळेत, म्हणजे शाळा संपलेल्या मुलांना काम शिकवतात तिथं, शिकवलं. माझ्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे.

प्रश्न : ताई, माझे धाकटे दीर ३८ वर्षांचे आहेत. जन्मापासून बुद्धी कमी आहे. स्वतःचं सगळं आवरतात, गोठा झाडतात, म्हशीला पाणी दाखवतात, दुकानातून सांगितलेलं सामान आणतात. पैशांचा हिशेब जमत नाही. सासूबाई श्रावणात गेल्या. मामंजींच्या नावचं घर आणि सव्वा एकर रान आहे. आमचे मालक आणि थोरले दीर म्हणतात, त्याच्याकडून हक्कसोडपत्र करून घेऊ आणि त्याला चांगल्या निवासी संस्थेत ठेवू, खर्च दोघं मिळून करू. दिरांना विचारलं तर 'हो' म्हणाले. सगळे मला म्हणतात, तुझं तो ऐकतो, तूच नीट समजाव. मी दहावी शिकलेली बाई. अशा माणसाला निर्णयात साथ द्यायची तर आपल्या अंगात काय काय असावं लागतं?
(एक वहिनी, कराड तालुका)

उत्तर : वहिनी, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. लोक मला विचारतात, "त्याला कळतं का हो?" आपल्या अंगात काय हवं, असं विचारणारी पत्रं फार थोडी येतात. म्हणून जरा लांबून सांगते.

२०१६ साली आमची आई गेली, सांगलीच्या जुन्या घरात. भाऊ तेव्हा ४१ वर्षांचा. तेराव्याच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं, मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्याला विचारलं, "पुण्याला येशील ना माझ्याकडे? मजा येईल ना?" तो "हो" म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याची बॅग भरली आणि त्याला घेऊन आले.

माझ्या घरी त्याला कशाची वाण नव्हती. वेगळी खोली, टीव्ही, थायरॉईडची गोळी वेळेवर. पण रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला तो चपला घालून दाराशी उभा राहायचा. हातात कापडी पिशवी. पिशवीत पंचा, कंगवा आणि आईच्या चष्म्याचं रिकामं घर. मी म्हणायची, "अरे, आता आपण इथंच राहायचं." तो मुकाट्यानं चपला काढायचा आणि रात्री जेवायचा नाही. दोन महिन्यांत सहा किलो उतरला. मी डॉक्टर केले, रक्त तपासून घेतलं, शाळेत आयांना जे जे सांगायची ते सगळं केलं. त्याला मात्र पुन्हा विचारलं नाही. विचारून झालं होतं आणि तो 'हो' म्हणाला होता.

चौथ्या महिन्यात सांगलीहून आमचा चुलतभाऊ आला. त्याला बघताच भावानं विचारलं, "कप कोण आणतं?" मला काहीच कळेना. चुलतभावाला कळलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाचा गाडा आहे. तिथून पाच वाजता आजूबाजूच्या दुकानांत चहा जातो. ते रिकामे कप गोळा करून गाड्यावर परत आणायचं काम माझा भाऊ करत होता, एकदोन नव्हे, पंधरा वर्षं. त्याबद्दल त्याला रोज एक चहा आणि पाच रुपये मिळायचे. आईनं मला हे कधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी कान दिला नसेल. तो आईजवळ राहतो असं मी धरून चालले होते. तो त्या गल्लीत राहत होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी उठून त्याला विचारलं, "चहा घेतोस की कॉफी?" म्हणाला, "कॉफी." थोड्या वेळानं विचारलं, "कॉफी घेतोस की चहा?" म्हणाला, "चहा." दिवसभर असेच प्रश्न विचारत राहिले. पोळी की भात, भात की पोळी. लाल शर्ट की पांढरा, पांढरा की लाल. दर वेळी तो शेवटचा शब्द उचलायचा. आणि ज्या प्रश्नाच्या शेपटाला 'ना' असेल त्याला 'हो'. येशील ना? हो. आवडलं ना? हो. दुखत नाही ना? हो.

विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम केलेली, वीस वर्षांहून जास्त नोकरी झालेली मी, आणि सख्ख्या भावाचं 'हो' मला वाचता आलं नव्हतं. त्याचं यात काय चुकलं? लहानपणापासून 'हो' म्हटलं की तो शहाणा ठरत आला आणि 'नाही' म्हटलं की हट्टी. अशी चाळीस वर्षं गेल्यावर माणूस 'हो' म्हणतो तो समोरच्याला खूश ठेवायला. त्याच्या मनातलं त्यात असेलच असं नाही.

मग आम्ही वेगळ्या तऱ्हेनं विचारायला लागलो. आठ दिवस सांगली, आठ दिवस पुणे, असं दोन महिने केलं, कारण ज्यातून निवडायचं ते आधी त्यानं स्वतः अनुभवायला हवं. दोन्हीकडचे फोटो काढून आणले: गाडा, घाट, माझ्या घराचा जिना, त्याची इथली खोली. कधी सकाळी विचारायचं, कधी रात्री. कधी मी, कधी माझा मुलगा, कधी चुलतभाऊ. फोटो मांडायचा क्रम दर वेळी बदलायचा. आणि एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली, ती म्हणजे तो माझ्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतो. म्हणून एका संध्याकाळी मेथी निवडताना, मान खाली घालूनच विचारलं, "कुठं राहायचं रे तुला?" आणि गप्प बसले. तो काही बोलेना. मला दहा वेळा वाटलं की आता काहीतरी सुचवावं. जवळजवळ अख्खी जुडी निवडून झाली तेव्हा तो म्हणाला, "सांगली. तू ये."

तो आता सांगलीला त्याच घरात राहतो. वरच्या मजल्यावर चुलतभावाचं कुटुंब आहे, स्वयंपाकाला एक मावशी येतात, मी दर महिन्याला आठ दिवस जाते.

वहिनी, अंगात काय हवं, तर पहिलं हे गप्प बसता येणं. त्याला दहावी-बारावी लागत नाही. दुसरं, त्या माणसाचा दिवस ठाऊक असणं, सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत. त्याबाबतीत तुम्ही माझ्या कितीतरी पुढे आहात, कारण म्हशीचं तुम्ही पत्रात न विचारता लिहिलंत. संस्थेत गेल्यावर म्हशीला पाणी कोण दाखवणार, असं दिरांनी कुणाला विचारलंय का? विचारलं असेल तर तेही एक उत्तरच आहे. आणि विचारलं नसेल तर संस्था म्हणजे काय हे त्यांच्या डोळ्यांपुढे अजून आलेलंच नाही. त्यांना घेऊन संस्था बघायला जा. चार दिवस तिथं राहू द्या, मग घरी आणा, आणि मग विचारा.

तिसरी गोष्ट सांगायला जड जाते. आपल्याला यात काय हवंय, ते आधी स्वतःशी कबूल करता आलं पाहिजे. मी भावाला पुण्याला आणलं ते त्याच्या काळजीपोटी, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं तर 'बहिणीनं टाकलं त्याला' असं कुणी म्हणेल, याची मला धास्ती होती. तुमच्या घरात तर जमिनीचा प्रश्न आहे. तुमचे मालक वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण दिरांनी सही केली की ज्याच्या पदरात वाटा पडणार, त्यानंच 'सही कर, बरं' म्हणून समजावायचं, हे बसत नाही. २०१६चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा यावर स्पष्ट बोलतो. मालमत्ता बाळगण्याचा आणि वारसानं मिळवण्याचा हक्क दिव्यांग माणसाला इतरांइतकाच आहे. पैशाच्या किंवा मालमत्तेच्या एखाद्या व्यवहारात मदत करणाऱ्याचं आणि त्या माणसाचं हित एकमेकांच्या आड येत असेल, तर मदत करणाऱ्यानं त्या व्यवहारापुरतं बाजूला व्हायचं. नुसतं नातं आहे म्हणून हित आड येतं असं कायदा धरत नाही. पण इथं नात्यापलीकडे सव्वा एकर आहे.

तेव्हा त्या कागदाबद्दल दिरांशी तुम्ही बोलू नका, मालकही नकोत. ज्यांचा वाट्याशी संबंध नाही आणि दिरांचा ज्यांच्यावर जीव आहे, असं कुणीतरी शोधा. एखादे मामा असतील, शाळेतले जुने गुरुजी असतील. साताऱ्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, दिव्यांग माणसाला तिथं वकील फुकट मिळतो. आणि कळल्याशिवाय उमटवलेला अंगठा पुढे कोर्टात टिकेल, या भरवशावर घरातल्यांनीही राहू नये. घाई कशाची आहे? सासूबाईंना जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. हे सगळं घरात बोलणं तुम्हाला सोपं जाणार नाही, याची मला कल्पना आहे. हवं तर हे पान पुढे करा आणि म्हणा, ताईंनी लिहिलंय.

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, चाकाची खुर्ची वापरते, बोलणं अस्पष्ट आहे पण हुशार आहे. बारावीला ७१ टक्के मिळाले. शिष्यवृत्तीसाठी खातं उघडायला गेलो तर बँकेत सांगितलं की कायदेशीर पालक नेमून आणा, त्याशिवाय सही चालणार नाही. दुसरं म्हणजे तिला कोल्हापूरला हॉस्टेलला राहून बीए करायचं आहे. मी आणि तिची आई नको म्हणतो. पालक म्हणून माझी नेमणूक झाली तर दोन्ही प्रश्न सुटतील का?
(एक वडील, गडहिंग्लज)

उत्तर : भाऊ, तुमच्या मनात काय आहे ते ओळखून आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही. १९ वर्षांच्या मुलीला हॉस्टेलला जाऊ न देण्यासाठी पालकत्वाचा कागद काढायचा नसतो.

आता बँक. सेरेब्रल पाल्सीत हालचालींवर आणि स्नायूंवर परिणाम होतो. बुद्धीवर होईलच असं नाही, तुमच्या मुलीच्या ७१ टक्क्यांनी ते सिद्धच केलंय. २०१६च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्याच्या तेराव्या कलमात स्वतःचे पैशाचे व्यवहार स्वतः सांभाळण्याचा हक्क लिहिलेला आहे. सही वेडीवाकडी आली तरी ती तिची सही, सही जमत नसेल तर अंगठा. शाखेत लेखी अर्ज द्या आणि नकार मिळाला तर तो लेखी मागा. पुढे बँकेचा तक्रार विभाग, मग रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथंही तक्रार करता येते. मात्र अर्ज तिच्या नावानं, तिच्या शब्दांत जाऊ द्या.

पालकत्वाबद्दल फार गैरसमज आहेत. मूल १८ पूर्ण झालं की लगेच 'लीगल गार्डियन' काढून ठेवा, असं पालकांच्या बैठकीत सर्रास सांगितलं जातं, मीही एके काळी सांगितलं आहे. राष्ट्रीय न्यासाच्या १९९९च्या कायद्यात सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमू शकते. पण पालकाची गरज आहे का आणि असेल तर कशापुरती, हे त्या समितीनं आधी बघायचं असतं. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते, दर वर्षी हिशेब द्यावा लागतो. भारतानं दिव्यांगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २००७ साली मान्य केला आणि त्यानंतर आलेल्या २०१६च्या कायद्यानं 'मर्यादित पालकत्व' आणलं: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीपुरतं, दोघांनी एकमेकांच्या विश्वासानं मिळून ठरवायचं, आणि तेही त्या माणसाच्या इच्छेला धरून. तुमच्या मुलीला यातलं काहीही लागत नाही. तिला लागतोय वेळ.

हे कसं ओळखलं ते सांगते. पत्रासोबत तुम्ही घरातला छोटा व्हिडिओ पाठवलात. त्यात तुम्ही विचारता, "कोल्हापूरला एकटी काय करशील?" ती मान वळवते, ओठ जुळवते, 'म' उमटतो, आणि तेवढ्यात तुम्ही म्हणता, "मैत्रिणी आहेत म्हणते." मी घड्याळ लावून बघितलं, तुम्ही पाच सेकंद थांबलात. तिला एक वाक्य पुरं करायला चाळीस लागत असतील. त्या 'म'च्या पुढे 'मैत्रिणी' होतं की 'मला' होतं, ते आता कुणालाच कळणार नाही. तिला अक्षरपाटी करून द्या, पुठ्ठ्यावर मोठी मुळाक्षरं आणि नेहमीचे वीस-पंचवीस शब्द, ती बोटानं दाखवेल. मोबाइलमध्ये टाइप करत असेल तर उत्तमच. आणि तिचं वाक्य तुम्हाला येत असलं तरी पुरं करू नका.

भीतीबद्दल बोलायलाच हवं, कारण ती खोटी नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. आमच्या गल्लीत छातीएवढं पाणी. चुलतभावानं भावाला होडीतून बाहेर काढलं, मी त्याला पुण्याला आणलं आणि मनात ठरवून टाकलं की आता पुरे, सांगली बंद. तीन आठवड्यांनी पाणी ओसरल्याचे फोटो आले. त्यानं गाड्याचा फोटो मागितला. गाडा चिखलात आडवा पडला होता. "मी जातो," म्हणाला. या खेपेला मी विचारलंही नव्हतं. मी पुराचे व्हिडिओ दाखवले, पुन्हा पाणी येऊ शकतं हे सांगितलं, पाणी आलं तर काय काय होईल तेही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वर जाईन. काकांकडे." म्हणजे त्याला धोका कळला होता आणि तरी जायचं होतं. मी त्याला सोडून आले. येताना बसमध्ये सबंध रस्ता रडले. पण त्याच्याबरोबर बसून आम्ही एक कागद केला होता, पाणी पायरीला लागलं की कुठं जायचं, कुणाला फोन करायचा, पिशवीत काय घ्यायचं. त्यावर सगळी चित्रं होती. तो कागद आजही दाराच्या मागे चिकटवलेला आहे. २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं तेव्हा माझा फोन लागायच्या आधी तो पिशवी घेऊन वर जाऊन बसला होता.

भाऊ, हॉस्टेलच्या बाबतीत असाच एक कागद मुलीबरोबर बसून करा. रात्री बाथरूमला कोण मदत करील, खुर्ची बिघडली तर काय, लिफ्ट आहे का, ताप आला तर कुणाला फोन. यातली किती उत्तरं तिनं आधीच शोधून ठेवली आहेत ते बघा. २०१७च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात एक फार चांगलं वाक्य आहे. तो कायदा मानसिक उपचारांपुरता आहे, पण ते वाक्य मी सगळ्याच पालकांना सांगते: एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णय घेता येत नाही असं म्हणता येणार नाही. आपली थोरली मुलं किती चुकीचे निर्णय घेतात, त्यांच्यासाठी आपण समितीकडे जात नाही.

प्रश्न : नाव देत नाही. मुलगी २२ वर्षांची, मतिमंद. पाळीच्या दिवसांत पॅड काढून फेकते, कपडे खराब होतात. मी दमले आहे. नात्यातल्या बायका म्हणतात पिशवी काढून टाका, म्हणजे उद्या कुणी काही केलं तरी काळजी नाही. एक डॉक्टर तयार आहेत. करू का?
(एक आई, नाशिक जिल्हा)

उत्तर : बाई, तुमचा थकवा मला दिसतो. बावीस वर्षं एकटीनं हे करणं म्हणजे काय ते मी शेकडो आयांच्या चेहऱ्यावर बघितलंय. तरीही नाही. ज्यामुळे मूल होण्याची शक्यता संपते अशी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया दिव्यांग व्यक्तीवर तिच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या, मोकळ्या संमतीशिवाय करता येत नाही. २०१६च्या कायद्याच्या दहाव्या कलमात ते आहे. आईची सही तिथं पुरत नाही.

आपल्या महाराष्ट्रात हे घडून गेलंय. १९९४ साली शिरूरच्या शासकीय निवासगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली. कारणं हीच दिली होती, स्वच्छता आणि सुरक्षितता. महिला संघटना रस्त्यावर आल्या तेव्हा ते थांबलं. मी तेव्हा नोकरीत नवी होते. शाळेतल्या चहाच्या सुट्टीत आम्ही शिक्षिका 'त्यांचं तरी काय चुकलं' असं बोललो होतो, ते आठवलं की आजही वाईट वाटतं. त्या मुलींना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न आमच्यापैकी एकीलाही पडला नव्हता. पुढे २००९ साली चंदीगडच्या एका संस्थेत अत्याचारातून गरोदर राहिलेल्या, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तिला मूल हवं होतं. गर्भपात तिच्या संमतीशिवाय करता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं.

आणि 'कुणी काही केलं तरी' याबद्दल. पिशवी काढल्यानं कुणाचा हात थांबत नाही. थांबतो तो फक्त पुरावा. तिला अंगाला कुणी हात लावायचा आणि कुणी नाही ते शिकवा, आणि 'नाही' म्हणायला शिकवा. घरात तिचं 'नाही' कुणी ऐकत नसेल तर बाहेर ती ते म्हणणार नाही.

पॅडचं सांगते. आमच्या कार्यशाळेत एक मुलगी अशीच पॅड फेकायची. आम्ही सहा महिने तिला रागावलो. मग एका नवीन शिक्षिकेनं टेबलावर तीन गोष्टी मांडल्या: बाजारचं प्लास्टिकच्या अस्तराचं पॅड, सुती कापडाचं शिवलेलं पॅड आणि पाळीत घालायची जाड निकर. मुलीनं तिन्हींवरून गालावरून फिरवावा तसा हात फिरवला. पहिलं ढकलून दिलं, कापडाचं उचललं आणि फ्रॉकच्या खिशात घातलं. तिला प्लास्टिक टोचत होतं, बस्स. नंतर तिनं एकही फेकलं नाही. तुम्ही आधी एवढं करून बघा. कॅलेंडरवर लाल टिकली तिच्या हातानं लावून घ्या, कापडावर लाल पाणी टाकून बदलायचं कसं ते पाळी नसताना शिकवा. रक्तस्राव जास्त असेल, पोटात दुखत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तिला घेऊन जा, आणि डॉक्टरांना सांगा की चित्र काढून तिला समजवा, मी नंतर ऐकेन. शस्त्रक्रियेला लगेच तयार होणाऱ्या डॉक्टरांकडे मात्र परत जाऊ नका. मला पुन्हा लिहा. नाव नाही दिलंत तरी चालेल.

प्रश्न : मी २७ वर्षांचा आहे. मी कार्यशाळेत फाइली बनवतो. महिन्याला १,८०० रुपये मिळतात. बँकेत जातात. एटीएम कार्ड ताईकडे आहे. मला निळा मोबाइल घ्यायचा आहे. ताई म्हणते तुला कळत नाही, तू हरवशील. आधी एक हरवला. माझे पैसे माझे आहेत का? (सरांनी मी सांगितलं तसं लिहिलं.)

उत्तर : हो. तुमचे पैसे तुमचे आहेत. तुम्ही काम करता, म्हणून ते मिळतात.

ताईंना म्हणा, "मला पासबुक बघायचं आहे." दोघं शेजारी बसून बघा. किती पैसे जमले ते सर तुम्हाला दहा-दहाच्या गठ्ठ्यांत मांडून दाखवतील. मग मोबाइलच्या दुकानात जा. किंमत विचारा. घरी या. मोबाइल घेतल्यावर किती उरतील ते बघा. मग ठरवा. त्याच दिवशी ठरवायलाच हवं असं नाही.

आधीचा मोबाइल कुठं हरवला? बसमध्ये? मग बसमध्ये तो कुठं ठेवायचा ते आत्ताच ठरवा. गळ्यात अडकवायची दोरी मिळते. माझा पण एक मोबाइल रिक्षात राहिला होता. मी दुसरा घेतला.

ताई वाईट नाहीत. त्यांना भीती वाटते. माझ्या भावाच्या बाबतीत मलाही वाटायची. त्यांना सांगा, कार्ड तुमच्याकडे राहिलं तरी चालेल, पण दर महिन्याला माझ्या हातात ५०० रुपये द्या. जमलं तर पुढे वाढवा. हे तुम्हाला पटलं तर सांगा, नाही पटलं तर नका सांगू. आणि ताई ऐकत नसतील तर मदतीला दुसरं माणूस घेता येतं. सर, मावशी, कुणीही, तुम्हाला आवडेल ते. कायद्यात तसं लिहिलं आहे.

सरांना माझा नमस्कार सांगा. तुम्ही बोललात तसंच त्यांनी लिहिलं, एक शब्द सुधारला नाही, ते मला फार आवडलं.

पत्रात एक गोष्ट राहून गेली. मोबाइल निळाच का हवा आहे? पुढच्या पत्रात लिहा. मी वाट बघते.